अपुऱ्या दिवसांचे बाळ : पहिली दोन वर्षे



घरात पाळणा हलणार म्हटले की आपण किती तयारी करतो! जुन्या पातळाची दुपटी शिवतो, डिंकाचे लाडू करतो, बाळंतिणीची खोली सारवून घेतो. हिशेब नऊ महिने नऊ दिवसांचा असतो. पण कधी कधी बाळ त्याआधीच येते. काडीसारखे हातपाय, अंगावर मऊ लव आणि रडणे इतके बारीक की शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. बघायला आलेले लोक मान हलवतात. कोणी म्हणते, "सातव्यातलं आहे, जगेल." कोणी म्हणते, "आठव्यातलं जगत नाही." आई मात्र भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत असते.

हे पत्रक अशा घरासाठी आहे. तुमच्या घरी असे बाळ नसेल तरी वाचा. तुमच्या वाडीत, भावकीत कुठे ना कुठे असे बाळ असतेच. जगात दर दहा बाळांपैकी साधारण एक बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते. २०२० या एका वर्षात जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख आणि आपल्या देशात अंदाजे ३० लाख बाळे अशी जन्मली.

अपुऱ्या दिवसांचे म्हणजे किती?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर पूर्ण गर्भारपण ४० आठवड्यांचे, म्हणजे २८० दिवसांचे असते. ३७ आठवडे भरण्याच्या आत जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. ते किती आठवडे आधी आले ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती दवाखान्याच्या कागदावर लिहिलेली असते. नसेल तर डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढची दोन वर्षे तो उपयोगी पडणार आहे.

"आठव्यातलं जगत नाही" हे खरे का?

नाही. हा समज साफ चुकीचा आहे. आईच्या पोटात बाळाचा प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. जितके आठवडे जास्त, तितकी फुफ्फुसे पक्की, अंगावर चरबी जास्त आणि दूध ओढण्याची ताकद जास्त. म्हणून आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता जास्तच असते. पण "हे काही जगायचं नाही" असे मनाने घेतले, की घरचे लोक दूध पाजण्याची धडपड सोडतात, दवाखान्यात न्यायला उशीर करतात, आणि मग तो समज खरा ठरल्यासारखा वाटतो. बाळ अशा वेळी दिवसांच्या कमतरतेने जात नाही, आपल्या हात टेकण्याने जाते. तसे होऊ देऊ नका.

त्याचे काय अपुरे राहिलेले असते?

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळाच्या कातडीखाली चरबी साठते. ती नसली की बाळ लवकर गार पडते. त्याच काळात आई बाळाला लोह देते आणि रोगांशी लढण्याची ताकद देते. लवकर आलेल्याला ही शिदोरी कमी मिळते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन गोष्टींचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेले बाळ अंगावर नीट ओढू शकत नाही. यात ना आईचा दोष, ना बाळाचा.

मेंदूचेही तसेच आहे. ३४ व्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असते. उरलेली वाढ पोटात व्हायची, ती आता तुमच्या मांडीवर होणार असते. म्हणून ऊब, दूध, झोप, स्पर्श आणि बोलणे हे सगळे या बाळाला औषधासारखे आहे.

ऊब : आईची छाती हीच उबदार पेटी

१९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, डॉ. एडगर रे सनाब्रिया यांच्या दवाखान्यात उबदार पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी अवस्था होती. त्यांनी बाळे आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. कांगारू नावाचे जनावर पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवते, त्यावरून या पद्धतीला कांगारू मातासेवा असे नाव पडले. ही गरिबाची तडजोड आहे असे समजू नका. २०२१ साली प्रसिद्ध झालेला पाच देशांतला एक अभ्यास आहे, त्यात आपला भारतही होता. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्यानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा महिन्याभराच्या आतले मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा बाळाला दिवसाला ८ ते २४ तास छातीशी ठेवावे.

कसे ठेवायचे ते दवाखान्यात सिस्टर दाखवतील. घरी आल्यावर असे करा :

बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे घाला. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये त्याला उभे ठेवा. त्याची मान एका बाजूला वळलेली आणि नाक-तोंड मोकळे असू द्या. वरून मऊ पातळ किंवा ओढणीने आईच्या अंगाशी बांधा आणि त्यावर ब्लाऊज किंवा शाल घ्या. एका वेळी निदान एक तास तरी ठेवा. आई थकली, जेवायची-अंघोळीची वेळ झाली, की बाळाच्या बापाने घ्यावे. बापाच्या छातीलाही तीच ऊब असते. आजी घेऊ शकते, मावशी घेऊ शकते. आईने झोपायचे असेल तर पाठीमागे उशा लावून टेकून झोपावे.

बाळ गार पडले का, हे हाताने कळते. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर धोका आहे, छातीशी धरूनच दवाखाना गाठा.

धुरी देऊ नका. खाटेखाली शेगडी ठेवू नका. कच्च्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही. अंघोळीची घाई नको, वजन वाढून डॉक्टर सांगेपर्यंत कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून घ्या.

दूध : थेंबाथेंबाने, पण आईचेच

पहिले पिवळसर चिकाचे दूध फेकू नका, या बाळाला त्याची गरज सगळ्यांत जास्त. मध, गुटी, साखरपाणी, गाईचे दूध यांतले काही देऊ नका. बाळ ओढत नसेल तर आईने हात धुऊन दूध वाटीत काढावे आणि चमच्याने किंवा बोंडल्याने हळूहळू पाजावे. आपल्या आजीच्या वेळचे बोंडले इथे फार कामाचे आहे, फक्त प्रत्येक वेळी ते उकळून घ्या. बाटली नको. तिच्या बुचात जंतू राहतात आणि बाळाला अंगावर ओढायची सवय लागत नाही.

दर दोन तासांनी पाजा, रात्रीसुद्धा. असे बाळ भुकेने रडेलच असे नाही. ते झोपूनच राहते आणि घरचे म्हणतात, "किती गुणी आहे!" हा गुण नव्हे बरं का, ही अशक्तपणाची खूण असू शकते. त्याला उठवून पाजा.

पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, साधारण दोन आठवड्यांत ते जन्माइतके परत येते. मग ते वाढतच राहिले पाहिजे. वजन थांबले तर आशाताईंना किंवा सिस्टरला सांगा. लोहाचे आणि जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर लिहून देतात, ते सांगितले तितके दिवस न चुकता द्या. वरचे अन्न सहा महिन्यांच्या सुमारास, मान सावरू लागल्यावर, सिस्टरला विचारून सुरू करा.

वय दोन प्रकारे मोजा

आता या पत्रकातला सगळ्यांत महत्त्वाचा धडा. नीट वाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवा.

समजा, तुमच्या सूनबाईंची तारीख १५ मार्च होती, पण बाळ १८ जानेवारीला झाले. म्हणजे ते ५६ दिवस, बरोबर ८ आठवडे आधी आले. त्याच दिवशी शेजारणीलाही बाळ झाले, तिचे पूर्ण दिवसांचे. जुलैचा मध्य आला. शेजारचे बाळ सहा महिन्यांचे झाले, पालथे पडते, खुळखुळ्याला हात घालते. तुमचे बाळ आत्ता कुठे मान सावरते आहे. शेजारी म्हणतात, "हे मागं पडलं हो. डोक्यानं कमी दिसतंय." घरात कुजबुज सुरू होते. आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

थांबा. हिशेब चुकतो आहे. तुमचे बाळ यायचे होते १५ मार्चला. त्या तारखेपासून मोजा. १५ जुलैला ते चारच महिन्यांचे आहे. आणि चार महिन्यांचे बाळ मान सावरते, तेच त्याने केले आहे. ते मागे पडलेले नाही, ते वेळेवर आहे.

याला सुधारलेले वय म्हणतात. हिशेब सोपा : जन्मापासूनचे वय, त्यातून जितके आठवडे आधी आले ते वजा करा. पहिली दोन वर्षे वाढीचे टप्पे या वयाने पाहायचे. दोन वर्षांनंतर बहुतेक मुलांच्या बाबतीत हा फरक धरण्याचे कारण उरत नाही, मग जन्मतारखेनेच मोजा.

फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. लसी जन्मतारखेनेच द्यायच्या. दीड महिन्याची लस दीड महिन्यालाच. "अशक्त आहे, जरा मोठं होऊ दे" म्हणून लस पुढे ढकलू नका. अशक्त बाळालाच लसीची गरज आधी असते. जन्मताना बाळ आजारी असेल आणि बीसीजी राहिली असेल, तर घरी सोडताना ती कधी द्यायची ते विचारून घ्या.

कोणत्या महिन्यात काय पाहावे?

खालचे सगळे महिने सुधारलेल्या वयाचे आहेत. दोन-चार आठवडे इकडे-तिकडे होणारच, सगळी रोपे एकाच दिवशी फुटत नाहीत.

२ महिने : तोंडाकडे टक लावून बघते, बोललात की हसते.

४ महिने : मान धरते, आवाजाकडे वळते, हुंकार देते.

६ महिने : पालथे पडते, हात पुढे करून वस्तू धरते.

८ ते ९ महिने : आधाराशिवाय बसते, "बाबा-दादा-मामा" असे आवाज काढते, अनोळखी माणसाला बघून बुजते.

१२ महिने : धरून उभे राहते, चिमटीत दाणा पकडते, एखादा शब्द अर्थाने बोलते, टाटा करते.

१५ ते १८ महिने : एकटे चालते, नाव घेतलेली वस्तू दाखवते.

२४ महिने : दोन शब्द जोडते, "आई ये", "पाणी दे".

बहुतेक बाळे या वाटेने नीट पुढे जातात. पण खरे तेच सांगायला हवे. अपुऱ्या दिवसांच्या काही मुलांना स्नायूंचा ताठरपणा, उशिरा बोलणे, ऐकण्या-बघण्याचा दोष असे त्रास राहतात. बाळ जितके जास्त लवकर आले, तितका हा धोका जास्त. म्हणून "होईल आपोआप" म्हणून बसू नका, आणि घाबरूनही जाऊ नका. दर तीन महिन्यांनी बाळ दाखवा. दोष लवकर सापडला तर व्यायामाने, उपचाराने पुष्कळ फरक पडतो. वयाच्या दोन वर्षांपर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. शिकवायची वेळ हीच.

डोळे आणि कान : तपासणी चुकवू नका

पोटात असताना डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या शेवटच्या आठवड्यांत पूर्ण होतात. लवकर आलेल्या बाळात त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढला जाऊन कायमचे आंधळेपण येऊ शकते. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, घरी काहीच कळत नाही. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर महिन्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. फारच लवकर आलेल्या बाळाला दोन-तीन आठवड्यांतच दाखवावे लागते. एकदा दाखवून भागत नाही, डॉक्टर बोलावतील तितक्या वेळा जावे. दोष वेळेवर सापडला तर लेसरच्या उपचाराने नजर वाचते. पेरणी असो की लग्नसराई, ही तारीख चुकवू नका. गेलेली नजर परत येत नाही.

कानांची यंत्रावरची तपासणी शक्यतो पहिल्या महिन्यात करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. ऐकू न येणारे मूल बोलायलाही शिकत नाही, आणि लोक त्याला उगाच खुळे म्हणतात.

२०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची अशी तपासणी मोफत होते. कुठे जायचे ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

घरातली शाळा

बाळाला शिकवायला पैसे लागत नाहीत, माणूस लागते.

पहिले काही आठवडे गोंगाट आणि फार उजेड नको. या बाळाला लवकर शीण येतो. ते तोंड फिरवू लागले, उचक्या देऊ लागले, बोटे ताठ पसरू लागले, की समजा त्याला पुरे झाले. त्याला छातीशी घेऊन शांत राहा. सगळ्या गावाने एकेक करून हाताळू नये. खोकला-पडसे झालेल्याने तर जवळ येऊच नये.

मग हळूहळू त्याच्याशी बोला. दळता-कांडताना, भाकरी थापताना सांगत राहा, "हे बघ पीठ, हा बघ तवा." अंगाई म्हणा. बापानेही शेतावरून आल्यावर हातपाय धुऊन पाच मिनिटे त्याच्याशी बोलावे. बाळाने हुंकार दिला की तुम्हीही द्या. त्याला वाटते, माझे कोणी ऐकते आहे, आणि बोलणे तिथूनच सुरू होते.

जागे असताना आणि तुमचे लक्ष असताना बाळाला रोज थोडा वेळ पालथे ठेवा, मान आणि पाठ बळकट होते. झोपवताना मात्र उताणेच झोपवा. रंगीत फडके, डब्यात घट्ट झाकून ठेवलेले हरभरे, लाकडी चमचा हीच खेळणी. बसते झाले की वाटीत वाटी ठेवायला द्या. लवकर चालावे म्हणून बसवायच्या चाकाच्या गाडीत घालू नका, त्याने चालणे लवकर येत नाही आणि बाळ पडण्याची भीती असते. धरून चालू लागल्यावर आपला जुना पांगुळगाडा चालेल, पण जवळ माणूस हवे.

कधी लगेच दाखवावे?

पहिल्या दोन महिन्यांत : बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, एका मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत खेचली जाते, श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात, झटके येतात, हातापायांचे तळवे पिवळे दिसतात, बेंबीतून पू येतो. यांपैकी काहीही दिसले तर उजाडायची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ वर फोन करा आणि बाळाला छातीशी बांधूनच न्या. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. ही सोय २०११ पासून आहे.

पुढे, सुधारलेल्या वयाने : तीन महिन्यांनाही नजर लावत नाही किंवा हसत नाही, पाच महिन्यांनाही मान सावरत नाही, मुठी सदा आवळलेल्या आणि पाय कात्रीसारखे ताठ, वर्षाच्या आत एकच हात वापरते, दहा महिन्यांनाही बसत नाही, दीड वर्षालाही चालत नाही किंवा एकही शब्द नाही, किंवा येत होते ते विसरले. अशा वेळी गंडेदोरे, अंगारे यांत महिने घालवू नका.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत घरी येतात : ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. घरी येऊन बाळाला सांभाळण्याची ही रीत आपल्या गडचिरोलीतूनच निघाली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ मध्ये ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून हे काम केले. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. खेड्यातल्या बाईच्या हातात काय ताकद आहे ते यावरून कळते. तेव्हा आशाताई आल्या की "सगळं ठीक आहे" म्हणून दारातूनच परत पाठवू नका.

आता जोडप्याशी दोन शब्द : पुढचा पाळणा कधी?

हे बाळ दोन वर्षे तुमचा सगळा वेळ मागणार आहे. छातीशी धरणे, दर दोन तासांनी दूध, डोळ्यांची तारीख, कानांची तारीख, लस, व्यायाम. या मध्येच आईला पुन्हा दिवस गेले तर काय होईल? तिचे दूध कमी होईल, अंगातले रक्त कमी होईल, कडेवरचे बाळ खाली उतरेल. आणि पुढचे बाळही अपुऱ्या दिवसांचे होण्याचा धोका वाढेल. एकदा लवकर बाळंत झालेल्या बाईला तो धोका आधीच जास्त असतो. दोन गर्भारपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर राहिले तर तो आणखी वाढतो.

म्हणून बाळ झाल्यानंतर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस राहू देऊ नका. म्हणजे दोन मुलांत साधारण तीन वर्षांचे अंतर पडते. बाळाचे वय सुधारून मोजायची दोन वर्षे आणि आईचे अंग भरून यायची दोन वर्षे, दोन्ही एकच आहेत. हे ध्यानात ठेवले तर विसर पडणार नाही.

आणि इथे एक धोका आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. "अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत" असे आपल्याकडे म्हणतात. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस फक्त अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल, या तिन्ही गोष्टी असतील तरच हे खरे. अपुऱ्या दिवसांचे बाळ तर ओढतच नाही, वाटी-चमच्याने पिते. त्यामुळे या आईला ते संरक्षण भरवशाचे नाही. पाळी येण्याआधीच दिवस राहू शकतात. तेव्हा साधन लवकर ठरवा, शक्यतो दवाखान्यातून घरी निघण्याआधीच.

तांबी : बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. प्रकाराप्रमाणे ५ किंवा १० वर्षे चालते, हवी तेव्हा काढता येते, दुधावर परिणाम नाही. पाणी जाऊन बराच वेळ झाला असेल किंवा ताप असेल तर लगेच बसवत नाहीत.

छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी एक. पाजणाऱ्या आईने सहा आठवड्यांनंतर घ्यावे.

निरोध : पुरुषाने वापरायचे, कधीही सुरू करता येते. याने गुप्तरोगांपासूनही बचाव होतो.

रोजची माला गोळी : पाजणाऱ्या आईने सहा महिन्यांपर्यंत घेऊ नये.

ही सगळी साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कोणते घ्यायचे ते नवरा-बायकोने मिळून, तपासणी करून ठरवावे. जबरदस्ती कोणाचीच नाही.

कायमची शस्त्रक्रिया करायची असेल तर घाई नको. बाळ अजून नाजूक आहे तोवर पाळणा लांबवण्याचे साधनच बरे. किमान एक मूल वर्षापेक्षा मोठे असावे असा नियमही आहे. कुटुंब पुरे झाले असे दोघांना वाटले, की पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीचाही विचार करा. ती बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे आणि तिने कामाची ताकद कमी होत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरून, वीर्य तपासूनच निर्धास्त व्हायचे.

पुढच्या वेळी बाळाचे दिवस भरावेत म्हणून

दिवस राहिल्याचे कळताच, तीन महिन्यांच्या आत नाव नोंदवा आणि "आधीचं बाळ लवकर झालं होतं" हे सिस्टरला आवर्जून सांगा. रक्त, रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. लघवीची जळजळ अंगावर काढू नका. लोहाच्या गोळ्या घ्या. मिशरी, तंबाखू सोडा. ओझी वाहणे, उसाच्या मोळ्या उचलणे हे काम घरच्यांनी वाटून घ्यावे. मुलीचे लग्न १८ च्या आत करू नका आणि पहिले मूल विशीनंतरच होऊ द्या.

दिवस भरायच्या आत ओटीपोट दगडासारखे होऊन दुखू लागले, पाणी गेले किंवा रक्त दिसले तर लगेच मोठ्या दवाखान्यात जा. २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात आईला इंजेक्शन देऊन बाळाची फुफ्फुसे पक्की करता येतात, पण त्यासाठी वेळेवर पोहोचावे लागते.

इतके सगळे करूनही बाळ लवकर येऊ शकते. पुष्कळ वेळा कारण सापडतच नाही. ग्रहणात सुरी धरली म्हणून, उंबऱ्यावर बसली म्हणून, पायगुण वाईट म्हणून असे होत नाही. सासूबाई, सासरेबुवा, तुम्हाला हात जोडून सांगणे आहे की सुनेला बोल लावू नका. दुखावलेल्या आईला दूध कमी उतरते. तिला गरम भाकरी-भाजी द्या, तासभर बाळ तुम्ही छातीशी घ्या आणि तिला झोपू द्या. या घराला मोठा आधार तोच आहे.

बाळ लवकर आले म्हणून त्याला लवकर मोठे व्हायची सक्ती करू नका. त्याचे वय नीट मोजा, त्याच्या तारखा पाळा, आणि त्याच्या पाठच्याला थोडे थांबायला सांगा.

हे पत्रक वाचून झाल्यावर फाडू नका. शेजारच्या घरी द्या.